सेवेचा परवाना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



परदेशात जाऊन सेवा करणाऱ्या ख्रिस्ती कार्यकर्त्यांविषयी आपल्याकडे दोन ठरीव मते आहेत. एक भाबडे, दुसरे संशयी. भाबड्या मतानुसार हे लोक म्हणजे करुणेचे पुतळे. घरदार सोडून परक्यांच्या जखमा धूत बसणारे. संशयी मतानुसार ते साम्राज्याचे पांढऱ्या झग्यातले शिपाई. त्यांच्या औषधाच्या बाटलीमागे धर्मांतराची वही ठेवलेली असते. दोन्ही मतांना पुरावा भरपूर सापडतो, आणि म्हणूनच दोहोंचा उपयोग बेताचा. परक्या मुलखात सेवेला गेलेल्या माणसाचे मोल ठरवायचे तर तो रोज कोणाला भेटतो, कोणाच्या घरी जेवतो, आणि त्या भेटींतून त्याला जे कळते ते उघड बोलण्याची मुभा त्याला कोणाकडून मागावी लागते, हे पाहणे अवश्य आहे. यांतील शेवटची गोष्ट सहसा कोणी पाहत नाही.

या दृष्टीने एक हकीगत पुन्हा उघडून पाहण्याजोगी आहे. तिचा आरंभ महाराष्ट्रात होतो, बराचसा भाग जुन्या मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात घडतो. तिच्यातील दोन माणसांपैकी एकाचे नाव जगभरच्या ग्रंथालयांत आहे. दुसऱ्याचे नाव, तो मराठी असूनही, महाराष्ट्रात क्वचितच कोणाला ठाऊक असेल. पहिले व्हेरिअर एल्विन, दुसरे शामराव हिवाळे.

१९२२ मध्ये जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकाने अहमदनगर जिल्ह्यात ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. विन्स्लो यांच्यावर रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गाढ छाप होती. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला अनुसरायचे तर साहेबाला का अनुसरावे, हा त्यांच्या साऱ्या धडपडीचा मथितार्थ होता. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला त्याची धग वेगळी सांगायला नको. विन्स्लो यांच्या संघातील इंग्रज तरुण खादी वापरीत, जमिनीवर बसून हाताने जेवीत. पुढे संघ पुण्यास शिवाजीनगर भागात आला. तेथे १९२७ च्या अखेरीस ऑक्सफर्डचे पंचवीस वर्षांचे एक पदवीधर दाखल झाले. हेच एल्विन. त्यांचे वडील आफ्रिकेत सिएरा लिओनचे बिशप होते. आपल्या देशाने हिंदुस्थानातून जे नेले त्याची यत्किंचित तरी परतफेड करावी, ही मुलाच्या येण्यामागील भावना होती. त्याच संघात शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती तरुणाशी त्यांची गाठ पडली.

खादी अंगावर घेणे अवघड नव्हते. अवघड होते ते तिच्यामागून येणारे. जानेवारी १९२८ मध्ये एल्विन यांनी साबरमती आश्रम पाहिला. १९३० चा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ‘ख्रिस्त आणि सत्याग्रह’ या विषयावर इंग्रजीत पुस्तिका लिहून त्यांनी या चळवळीचे ख्रिस्ती दृष्टीतून समर्थन केले. गोऱ्या वस्तीला आणि चर्चमधील वडीलधाऱ्यांना हे रुचणे शक्य नव्हते. गरिबांत राहा, त्यांचे अन्न खा, त्यांची भाषा शिका, इथपर्यंत सर्वांची संमती असते. त्या गरिबाने हक्क मागितला की त्याच्या बाजूला बसू नका, एवढीच अट असते.

४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईत मणिभवनात गांधीजींना अटक झाली. एल्विन आणि शामराव त्या रात्री तेथेच पाहुणे होते. तो सोमवार होता, गांधीजींच्या मौनाचा दिवस. पोलीस खोलीत उभे असताना गांधीजींनी कागदावर लिहून एल्विन यांना निरोप दिला. त्याचा आशय असा, की माझे माझ्या देशबांधवांवर जसे प्रेम आहे तसेच तुमच्या देशबांधवांवरही आहे, हे त्यांना सांगा. नंतर काही दिवसांतच एल्विन सरहद्द प्रांतात जाऊन खुदाई खिदमतगारांवरील दडपशाहीची पाहणी करू लागले, आणि सरकारने त्यांना त्या प्रांतातून बाहेर काढले. म्हणजे जानेवारीअखेर हे दोघे पेंड्रा रोड स्टेशनवर उतरून मैकल डोंगरातील करंजिया गावाकडे निघाले, तेव्हा त्यांच्या नावाची सरकारी फाइल आधीच जाड झाली होती. गोंडांमध्ये कोणी काम करीत नाही, तिकडे जा, ही सूचना जमनालाल बजाज यांची.

करंजिया हे नर्मदेच्या उगमाजवळचे, अमरकंटकच्या बाजूचे गाव. त्याजवळच्या टिकरीटोला या वाडीत त्यांनी मातीच्या झोपड्यांचा आश्रम उभारला. त्याला नाव दिले संत फ्रान्सिसचे. पावसाळ्यात रस्ता चिखलात बुडायचा. दोघांपैकी कोणीही डॉक्टर नव्हता, आणि मैलोगणती दुसरा डॉक्टरही नव्हता. तेव्हा क्विनाईन, जखमेवरचे औषध आणि खरजेचे मलम यांची पेटी उघडून बसणे, मुलांना जमवून अक्षरे शिकवणे, असा दिनक्रम सुरू झाला. हिवतापाने रोग्यांबरोबर सेवकांनाही सोडले नाही. एल्विन त्यात वारंवार लोळले.

त्या मुलखातल्या माणसाला बाहेरून येणारे लोक नवीन नव्हते. जंगल खात्याचा शिपाई येई, सावकार येई, दारूचा ठेकेदार येई, दौऱ्यावरचा अंमलदार येई आणि सामान वाहण्यासाठी वेठीला धरी. प्रत्येक जण काही ना काही घेऊन जाणारा. अशा ठिकाणी काही न नेता राहणारा गोरा माणूस हे गूढच होते. त्यातून हा पाद्री बाप्तिस्मा देत नव्हता. एल्विन यांनी आरंभीच ठरवले होते की येथे कोणाचे धर्मांतर करायचे नाही. मग हे येथे कशासाठी आले आहेत? या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही. मध्यरात्री ताप चढलेल्या मुलाला घेऊन आलेल्या बाईसाठी दार उघडणे, अंगावरच्या व्रणांमुळे गावाने दूर ठेवलेल्या माणसाला जवळ बसवणे, हेच त्याचे उत्तर होते आणि ते रोज नव्याने द्यावे लागे. कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी पुढे निवास काढला. काही काळाने लोकांनी दोघांना नावे ठेवली, ती ‘साहेब’ किंवा ‘महाराज’ अशी नव्हेत: एल्विन बडाभाई, शामराव छोटाभाई.

१९३६ मध्ये एल्विन यांची त्या दिवसांतील रोजनिशी ‘लीव्ह्ज फ्रॉम द जंगल’ या नावाने लंडनहून प्रसिद्ध झाली. मिशनचे अहवाल ज्यांनी चाळले आहेत त्यांना या पुस्तकाचे नवल वाटावे. अहवालात आकडे असतात: इतके रोगी, इतकी मुले, इतके आत्मे. रोजनिशीत सेवक स्वतःवरच हसतो. गावकऱ्यांच्या शहाणपणापुढे आपण किती अनाडी, हे तो मिस्कीलपणे नोंदवतो. सेवा करणाऱ्याला स्वतःकडे पाहून हसता येणे ही किरकोळ बाब समजू नये. उपकार केल्याची भावना ज्या क्षणी चेहऱ्यावर उमटते, त्या क्षणी समोरचा माणूस पुन्हा रयत होतो.

आश्रमाचे आरंभीचे नियम गांधीमार्गी होते: मांस नाही, मद्य नाही, सूत कातायचे. हळूहळू त्यांना जाणवू लागले की कापूस न पिकणाऱ्या मुलखात चरख्याचा आग्रह धरणे हा बाहेरचाच हट्ट आहे. मोहाच्या फुलांवाचून ज्यांचे लग्न लागत नाही आणि मयतही होत नाही, त्यांना दारूबंदीचे प्रवचन देण्याआधी त्यांच्याजवळ दुसरे कोणते सुख आहे, हे विचारायला हवे. एल्विन या वाटेने फार पुढे गेले. इतके की गांधीजींच्या वर्तुळापासून ते दुरावले. त्यांचे सारेच म्हणणे मान्य करण्याचे कारण नाही. मद्याने गरिबाचे घर बसते हेही खोटे नव्हे. पण शिकवायला गेलेला माणूस शिकू लागला, एवढे मात्र त्यातून दिसते.

आता परवान्यांची गोष्ट. या नागपूरच्या बिशपांच्या अधिकारक्षेत्रात पुरोहित म्हणून उपासना चालवण्यासाठी एल्विन यांना त्यांचा परवाना लागत होता. बिशपसाहेबांनी राजनिष्ठेची शपथ मागितली. एल्विन यांनी नाकारली. परवाना मिळाला नाही. गरिबांमध्ये राहून त्यांची सेवा करण्याला बिशपांची हरकत नव्हती, ख्रिस्ताच्या वेदीपुढे उभे राहण्यासाठी मात्र इंग्लंडच्या राजाची शपथ हवी होती! येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांचे सांत्वन केले, की सारी पृथ्वी हेच तुमचे व्यासपीठ आणि निळे आकाश हेच तुमच्या मंदिराचे छप्पर समजा. १९३५ मध्ये एल्विन इंग्लंडच्या चर्चमधून औपचारिकपणेही बाहेर पडले.

दुसरा परवाना पारपत्राचा. १९३२ मध्ये एल्विन इंग्लंडला गेले, तेव्हा हिंदुस्थानात परतण्याची परवानगी सरकारने अडवली. अखेर त्यांनी लेखी हमी दिली: काम गोंडांपुरते मर्यादित ठेवीन, कायदेभंगात वा अन्य राजकीय चळवळीत भाग घेणार नाही, चळवळ्या माणसांची संगत शक्यतो टाळीन. मणिभवनात ज्यांनी निरोप स्वीकारला, त्यांनीच वर्ष संपण्याआधी या कागदावर सही केली.

या सहीचा निवाडा करणे सोपे नाही. न करावी तर टिकरीटोल्याची पेटी बंद. करावी तर तोंड बंद. एल्विन यांनी पेटी निवडली. मदुरा मिशनचे अमेरिकन कार्यकर्ते राल्फ रिचर्ड कीथान यांनी दुसरी वाट पत्करली. ब्रिटिशेतर मिशनऱ्यांकडून सरकार आज्ञाधारकतेचे वचन घेतच असे. तरीही १९३० मध्ये कीथान यांनी रेजिनाल्ड रेनॉल्ड्स यांना घरी पाहुणा म्हणून ठेवून घेतले. रेनॉल्ड्स म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाआधी गांधीजींचे पत्र व्हाइसरॉयकडे पोचवणारे तरुण इंग्रज. दोन दिवसांची पाहुणचाराची गोष्ट, पण कीथान यांना देश सोडावा लागला. ते परत आले. १९४४ मध्ये त्यांना पुन्हा घालवण्यात आले. स्वातंत्र्यानंतर ते तिसऱ्यांदा आले आणि तामिळनाडूत गांधीग्रामच्या उभारणीत सहभागी झाले. त्याआधीचा दाखला दीनबंधू चार्ल्स फ्रिअर ॲन्ड्र्यूज यांचा. १९१४ मध्ये धर्माधिकार बाजूला ठेवून ते शांतिनिकेतनकडे वळले, पुढच्या वर्षी फिजीत उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया मजुरांच्या खोल्यांतून हिंडले, आणि विल्यम पिअर्सन यांच्यासह १९१६ मध्ये त्यांनी जो वृत्तांत मांडला त्याने गिरमिट पद्धतीच्या विरोधातील लोकमताला धार आली. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले. मजुराच्या खोलीत बसून त्याचे दुःख ऐकणे ही सेवा, आणि ते दुःख करारपत्रातून जन्मते असे सांगणे हे राजकारण, ही विभागणी ॲन्ड्र्यूज यांनी जुमानली नाही.

एल्विन यांनी सही केली खरी. पण डोळे मिटले नाहीत. औषधाच्या पेटीपुढे रोज तेच चेहरे येत होते. क्विनाईनने ताप उतरे, पण पोट रिकामे ते रिकामेच राही. पोट रिकामे का, याचे उत्तर जंगलात होते. बैगा लोक बेवर पद्धतीने शेती करीत: झाडझाडोरा तोडून जाळायचा, राखेत बी टाकायचे, काही वर्षांनी जागा बदलायची. नांगराने धरतीमातेची छाती फाडणे त्यांना पाप वाटे. सरकारला जंगलाचे लाकूड हवे होते, म्हणून बेवर बंद झाली, आणि १८९० मध्ये मंडल्यात ‘बैगा चक’ नावाचा राखीव तुकडा आखून तेवढ्यापुरती ती राहू दिली. आगरिया हे लोखंड गाळणारे लोक. त्यांच्या भट्ट्यांवर कर बसला आणि कारखान्यातले स्वस्त लोखंड बाजारात आले. १९३९ चा ‘द बैगा’ आणि १९४२ चा ‘द आगरिया’ या एल्विन यांच्या ग्रंथांना विद्वान मानववंशशास्त्र म्हणतात. त्यांत गाणी आहेत, दैवते आहेत, प्रणय आहे. पण त्याखाली एक आरोपपत्रही आहे. राजकीय चळवळीत भाग घेणार नाही असे लिहून देणाऱ्या माणसाने, जंगल कायद्याने एक जमात कशी कोलमडते हे छापून ठेवले. हमीच्या कागदातून त्याने काढलेली ही पळवाट होती, असे म्हणावयास हरकत नाही.

अर्थात पळवाटेलाही मर्यादा असतात. बैगांसाठी स्वतंत्र राखीव मुलूख असावा या एल्विन यांच्या सूचनेवर टीकेची झोड उठली. मुंबई विद्यापीठातील डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथात आदिवासींना वेगळे काढण्याच्या कल्पनेचाच प्रतिवाद केला. आदिवासींना काचेच्या कपाटात ठेवणे आणि त्यांना सावकाराच्या हाती सोडून ‘राष्ट्रीय प्रवाहात’ आणणे, यांच्यापलीकडे तिसरी वाट काढण्याचे काम या वादात दोन्ही पक्षांकडून अपुरेच राहिले. १९४४ मध्ये मंडल्यातील कॅथलिक मिशनच्या शाळा आणि धर्मांतरे यांविरुद्ध एल्विन यांनीच जाहीर आवाज उठवला. एकेकाळच्या पाद्र्याने पाद्र्यांविरुद्ध. आदिवासी भागात मिशनविषयी जो संशय आहे तो सर्वस्वी निराधार नाही, हे त्यावरून दिसते.

एक गोष्ट मात्र या हकीगतीत बोचत राहते. १९४० मध्ये एल्विन यांनी एका राजगोंड तरुणीशी गोंडांच्या रीतीने विवाह केला. १९४९ मध्ये घटस्फोट झाला. आत्मचरित्रात या प्रकरणाला त्यांनी मोजक्या ओळी दिल्या. दुःख आणि अपयश यांची कबुली आहे, पण तपशील नाही. त्यांनी आदिवासी स्त्रीच्या स्वातंत्र्यावर पानेच्या पाने लिहिली. त्यांच्या घरातील आदिवासी स्त्रीचे म्हणणे मात्र त्या पानांत कोठेही नाही. लोकांमध्ये मिसळणे याचा अर्थ केव्हाही निघून जाण्याची मोकळीक आपल्याकडे आणि मागे राहण्याची सक्ती दुसऱ्याकडे, असा होऊ शकतो. थोर सेवकाच्या बाबतीतही होऊ शकतो.

स्वातंत्र्य आले, तरी परवान्याचा प्रश्न गेला नाही. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी डॉ. भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. आणीबाणीत, १९७६ मध्ये, परकीय देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. २०१० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, २०२० च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. डिसेंबर २०२१ मध्ये मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संस्थेच्या नोंदणीचे नूतनीकरण नाकारले गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा मिळाले. परकीय पैशाचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणत्याही स्वतंत्र देशाला आहे, याविषयी वाद नको. पण १९३२ च्या हमीपत्रातली अट हिशेबाची नव्हती, संगतीची होती. कोणाबरोबर बसता, कोणाविषयी लिहिता, यावर जेव्हा परवाना अवलंबून राहू लागतो, तेव्हा तो कागद इंग्रजीत आहे की हिंदीत, याने आदिवासी पाड्यावर काय फरक पडतो?

आणि शामराव? त्यांना पारपत्र लागत नव्हते आणि बिशपांचा परवानाही नको होता. एल्विन ग्रंथ लिहीत, दौरे काढीत, आजारी पडत. शाळा, दवाखाना, भांडणतंटे, कोणाची पळून गेलेली बायको, कोणाचे बैलाचे कर्ज, हे सारे छोटाभाईच्या अंगणात येई. एल्विन यांनी स्वतःच वारंवार हे ऋण मान्य केले आहे. तरी वाचकांच्या स्मरणात पुस्तकाच्या पहिल्या पानावरचे नाव राहते. १९५४ मध्ये एल्विन भारताचे नागरिक झाले आणि त्याच वर्षी ईशान्य सीमा प्रदेशाचे सल्लागार म्हणून शिलाँगला गेले. पद्मभूषण त्यांना १९६१ मध्ये मिळाले. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला. शामराव मागे राहिले, चाळिशीच्या दशकात दोघांनी ज्या गावी बिऱ्हाड केले होते त्या पाटनगढला.

पाटनगढ हे आजच्या दिंडोरी जिल्ह्यातील परधानांचे गाव. परधान हे गोंडांचे परंपरेचे भाट. बाना हे तंतुवाद्य वाजवून बडादेवाची आळवणी करणारे. १९८१ मध्ये भोपाळच्या भारत भवनासाठी चित्रे आणि वस्तू जमवणारी तरुण मंडळी या गावात पोचली, आणि एका घराच्या भिंतीवरील चित्राने त्यांचे पाय थबकले. ते जनगडसिंह श्याम या परधान तरुणाने काढले होते. पुढे त्याची चित्रे परदेशांतल्या दालनांत लागली. ज्या परधानांनी गाणे सोडून रंग हाती घेतले, त्यांच्या बापजाद्यांची गाणी, वंशकथा आणि रीतिरिवाज १९४६ मध्ये एका इंग्रजी पुस्तकात उतरवले गेले होते. ‘द परधान्स ऑफ द अपर नर्बदा व्हॅली’ हे त्याचे नाव, आणि लेखक शामराव हिवाळे.